'बाय' की 'अनटिल'? पाठ केलेली यादी टिकत का नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी ३१ वर्षांची आहे, शिक्षण मराठी माध्यमात, मधे मुलीसाठी नोकरी सोडली होती आणि आता परत नोकरीला लागलेय. इथे सगळे मेल इंग्लिशमधून असतात. वाचलेलं समजतं, पण लिहायला बसलं की दोन शब्दांतला नेमका चुकीचाच हातात येतो. मागच्या महिन्यात क्लायंटला लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे'. त्यांचं उत्तर आलं, म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवणार का? सीसीमध्ये अख्खी टीम होती. त्यानंतर नेटवरून शंभर कन्फ्यूझिंग वर्ड्सची यादी उतरवून घेतली, रोज पाठ करते पण आठ दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. मिटिंगमध्ये तर आता तोंडच उघडत नाही. माझी भाषेची समजच कमी आहे का? – गोंधळलेली

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं पत्रावरून दिसतंय. नाही, समज अजिबात कमी नाहीये. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते' हे तुमच्या डोक्यातलं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं, घोळ त्याच्या पुढे झाला. आपलं 'पर्यंत' एकट्याने दोन कामं करतं आणि इंग्लिशमध्ये त्या दोन कामांना दोन वेगवेगळे शब्द आहेत, बाय आणि अनटिल. तुमच्या यादीत बहुतेक दोन्हींच्या पुढे 'पर्यंत' असाच अर्थ लिहिलेला असणार, मग कितीही वेळा पाठ केलं तरी फरक कळणार कुठून? मिसळणारच ते.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि पुढे जे काही लिहितेय ते सगळं त्याच्यासाठीच आहे : इंग्लिश शब्दांच्या जोड्या पाठ करणं बंद करा, आपला कुठला मराठी शब्द तिकडे गेल्यावर दोन तुकड्यांत फुटतो ते बघा. तो शब्द सापडला की त्याला एक प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न मराठीतच विचारायचा.

'पर्यंत'पासूनच सुरू करू. प्रश्न असा : ती गोष्ट शुक्रवार येईस्तोवर चालूच राहणार आहे, की शुक्रवारच्या आत कधीतरी एकदा होऊन जाणार आहे? 'मी शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे' यात सुट्टी चालू आहे, रोज आहे, शुक्रवारी संपणार, तिथे अनटिल. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते' यात पाठवणं एकदाच व्हायचंय, मंगळवारी होवो नाहीतर गुरुवारी रात्री, शुक्रवार ही फक्त शेवटची मुदत, तिथे बाय. क्लायंटने जो प्रश्न विचारला तो त्याच्या बाजूने बघितला तर टोमणा नव्हताच कदाचित, अनटिल वाचल्यावर त्याला खरंच 'पाठवत राहीन' असं वाटलं असणार. आता यात 'नाही' आलं की अजून एक गंमत होते, ती नीट बघून ठेवा कारण ऑफिसच्या मेलमध्ये ती रोज लागते. 'द फाइल वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारची मुदत हुकणार, पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. 'द फाइल वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे' म्हणजे त्याआधी मागू नका, पण शुक्रवारी मिळेल. एका शब्दाने समोरच्याचं सगळं प्लॅनिंग बदलतं, आणि मराठीत आपण दोन्ही वेळा 'शुक्रवारपर्यंत होणार नाही' असंच म्हणून मोकळे होतो, बाकीचं समोरचा आवाजावरून ओळखतो. मेलमध्ये आवाज नसतो.

वेळेच्या शब्दांत असे अजून दोन खड्डे आहेत, आणि मराठी माणूस हमखास पडतो ते याच दोन खड्ड्यांत. पहिला 'पासून'. आपण '२०२१ पासून इथे आहे' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून इथे आहे' पण म्हणतो, पासून तेच. इंग्लिश मात्र विचारतं, तू सुरुवातीच्या जागेवर बोट ठेवतोयस की मधलं अंतर मोजतोयस? २०२१, सोमवार, सकाळ, लग्न झाल्यापासून, ही सगळी सुरुवातीची ठिकाणं, त्यांना सिन्स. दोन वर्षं, तीन तास, खूप दिवस, ही मोजलेली अंतरं, त्यांना फॉर. 'सिन्स टू इयर्स' हे आपल्या 'दोन वर्षांपासून'चं शब्दाला शब्द आहे, म्हणून तर ते तोंडातून इतकं सहज निघतं. याच्याच पोटात दुसरी एक चूक लपलेली असते. आपण म्हणतो 'मी २०२१ पासून इथे काम करतेय', करतेय म्हणजे वर्तमानकाळ, म्हणून 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०२१' लिहिलं जातं. तिकडे तेव्हापासून आजपर्यंत ओढत आणलेल्या कामाला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. सिन्स लिहिलंत की एकदा मागे वळून क्रियापद बघायचं एवढी सवय लावून घ्या.

दुसरा खड्डा 'पूर्वी'. 'दोन वर्षांपूर्वी' याचं लोक 'बिफोर टू इयर्स' करतात. इथे प्रश्न विचारायचा, मोजायला कुठून सुरुवात केली? आत्तापासून, आजपासून मागे मोजत गेलात तर अगो, 'टू इयर्स अगो'. दुसऱ्या कुठल्या तरी घटनेपासून मागे मोजलंत तर बिफोर, 'टू इयर्स बिफोर द वेडिंग', म्हणजे लग्नाच्या दोन वर्षं आधी. अगोला घटना लागत नाही, त्याची घटना म्हणजे 'आत्ता' हीच.

'अजून' हा शब्द तर तीन ठिकाणी फुटतो. 'तो अजून झोपलाय' इथे स्टिल, 'तो अजून आला नाही' इथे येट, 'अजून दोन दिवस द्या' इथे मोअर. मोअरचा गोंधळ कुणाचा फारसा होत नाही. पण स्टिल आणि येट 'नाही'च्या वाक्यात दोन्ही बसतात आणि व्याकरणाने दोन्ही बरोबर असतात, बदलतो तो सूर. 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल येट' म्हणजे फाइल अजून मिळाली नाहीये, साधी माहिती. 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल' म्हणजे अहो अजूनही मिळाली नाहीये, यात वैताग आहे, वाट बघून दमलेय असं आहे. पहिल्याच रिमाइंडरला स्टिल घातलं की समोरच्याला वाटतं ही बाई भडकलीये, आणि तुम्ही तर बिचाऱ्या साधं विचारत होतात! तिसऱ्या रिमाइंडरला खुशाल वापरा, तेव्हा ते कामाचं आहे.

आता मिटिंगमधल्या सगळ्यात धोकादायक शब्दावर येते, 'शंका'. आपल्याकडे वर्गात हात वर करून 'सर, एक शंका आहे' म्हणायची पद्धत, त्यात अविश्वास औषधालाही नसतो, उलट आदरच असतो. त्याचं 'आय हॅव अ डाउट' केलं की ज्यांना ही सवय माहीत नाही त्यांना ऐकू येतं, तुम्ही म्हणताय ते मला पटत नाहीये. डाउटमध्ये मुळातच 'तसं नसावं' हा भाव आहे. विचारायचं असेल तर सरळ 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, संपला विषय. पण याहून वाईट एक आहे. 'मला शंका आहे की फाइल करप्ट झालीये' हे वाक्य घ्या. मराठीत याचा अर्थ, बहुतेक झालीये. याचं कुणी 'आय डाउट दॅट द फाइल इज करप्ट' केलं तर अर्थ बरोब्बर उलटा होतो, फाइल करप्ट झाली असेल असं मला नाही वाटत! तिथे सस्पेक्ट हवं, 'आय सस्पेक्ट द फाइल इज करप्ट'. म्हणजे आपली 'शंका' दोन्ही दिशांना तोंड करून उभी असते, तसं नसेल अशीही आणि तसंच असेल अशीही. पहिलीला डाउट, दुसरीला सस्पेक्ट. हे चुकलं तर व्याकरणाने वाक्य चोख असतं, त्यामुळे कुणी दुरुस्तही करत नाही, फक्त काम चुकीच्या दिशेला जातं. मला विचाराल तर आर्टिकल आणि स्पेलिंगच्या चुकांपेक्षा या असल्या चुका आधी काढाव्यात.

वस्तूंची नावं तशी सोपी, चटकन बघून पुढे जाऊ. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकच, तिकडे मनगटापर्यंत आर्म आणि पुढे हँड. पाय तसाच, घोट्यापर्यंत लेग आणि खाली फुट. बोटं आपली वीसच्या वीस बोटंच, तिकडे पायाच्या बोटांना टो. डॉक्टरशी इंग्लिशमध्ये बोलायची वेळ आली तर यातलं चुकून चालत नाही, दुखणं भलतीकडे जातं. सावली हा शब्द बघा, झाडाखाली बसतो ती सावली शेड आणि जमिनीवर आपला आकार पडतो ती सावली शॅडो. उंच माणूस, उंच झाड, उंच इमारत हे टॉल, उंच डोंगर आणि उंचावरचं फळीवरचं सामान असेल तर हाय. घड्याळ मनगटावर असेल तर वॉच, भिंतीवर असेल तर क्लॉक. हे कुणाला पाठ करावं लागत नाही, एकदा लक्षात आलं की राहतं, कारण डोळ्यासमोर काहीतरी उभं राहतं.

खरा अवघड आहे तो 'करणे'. आपण चूक करतो, अभ्यास करतो, फोन करतो, व्यायाम करतो, प्रयत्न करतो, उपकार करतो, सगळं करतो. इंग्लिश त्याचे डू आणि मेक असे दोन करून बसलंय. सांगतात की काहीतरी नवीन तयार होत असेल तर मेक आणि नुसती क्रिया असेल तर डू, आणि ते बऱ्यापैकी चालतं पण. निर्णय आधी नव्हता, आता झाला, मेक अ डिसिजन. चूक आधी नव्हती, आता झाली, मेक अ मिस्टेक. व्यायाम, होमवर्क, रिसर्च, नोकरीतलं रोजचं काम, हे डू. पण मग डू डॅमेज का, नुकसान तर नवीनच झालं की! आणि मेक द बेड का, पलंग तर आधीपासून होता! तेव्हा या नियमावर फार भार टाकू नका. इथे एकच गोष्ट चालते, शब्द एकटा शिकायचा नाही, त्याच्या सोबतच्या शब्दासकट शिकायचा. मेक ॲन एफर्ट, मेक प्रोग्रेस, मेक अ फोन कॉल, मेक अ सजेशन, मेक अ डिफरन्स, आणि दुसरीकडे डू अ फेवर, डू बिझनेस, डू युवर बेस्ट. आपण मराठीत तरी काय करतो, 'शपथ घेतो', 'शपथ करतो' म्हणत नाही, आणि का म्हणत नाही असं कुणी विचारलं तर उत्तर देता येत नाही, कानाला माहीत असतं. इंग्लिशचा कान असाच जोडी ऐकून ऐकून तयार होतो.

आता जरा उलट बाजू बघा, ही तुमच्या फायद्याची आहे. कित्येक ठिकाणी मराठीत आधीपासूनच दोन शब्द असतात आणि ते इंग्लिशच्या दोन शब्दांवर छान बसतात, फक्त आपण ते जुळवून बघत नाही. हिअर आणि लिसनचं घ्या. ऑनलाइन मिटिंगमध्ये 'आर यू एबल टू लिसन मी' असं विचारणारे खूप आहेत. आता तेच मराठीत विचारताना आपण काय म्हणतो? 'माझा आवाज ऐकू येतोय का'. 'माझं ऐकताय का' असं नाही म्हणत, ते भांडणात म्हणतो. ऐकू येणं म्हणजे हिअर, आपोआप कानावर पडतं ते. ऐकणं म्हणजे लिसन, लक्ष देऊन, आणि त्याच्यापुढे टू लागतो. 'कॅन यू हिअर मी', झालं. डोळ्यांचंही तसंच, दिसणं म्हणजे सी, बघणं म्हणजे लुक, आणि काही हलतंय, चाललंय, ते बघत राहणं म्हणजे वॉच. स्क्रीन शेअर केल्यावर 'स्क्रीन दिसतेय का' म्हणतो ना आपण, म्हणून 'कॅन यू सी माय स्क्रीन'.

से आणि टेलमध्ये पण मराठी मदतीला आहे. 'ती म्हणाली' याला ऐकणारा लागत नाही, 'तिने मला सांगितलं' यात मला असतोच. म्हणणं म्हणजे से, सांगणं म्हणजे टेल. टेलला पुढे लगेच माणूस हवा, 'शी टोल्ड मी'. सेला माणूस घालायचाच असेल तर मधे टू घ्यायचा. 'शी सेड मी' हे कुठेच बसत नाही. याच्या शेजारचे एक्स्प्लेन आणि सजेस्ट हे टेलसारखे दिसतात पण वागतात सेसारखे, म्हणून 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. टेलच्या काही ठरलेल्या जोड्या आहेत, टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, तिथे माणूस नसला तरी चालतो, आणि बघा ना, मराठीतही खरं सांगतात आणि गोष्ट सांगतात. रिमेम्बर आणि रिमाइंड असेच, आठवणं आणि आठवण करून देणं. लेंड आणि बॉरो, उसनं देणं आणि उसनं घेणं. ही फोड आपल्याकडे तयार आहे, मग ती यादीत पाठ कशाला करायची?

सगळ्यात नाजूक जोडी मात्र फ्यू आणि अ फ्यू ही आहे, आणि त्यावर आपल्याकडे एक फार सुंदर उपाय आहे, आपला 'च'. अ फ्यू म्हणजे काही, थोडे, आहेत बरं का. नुसतं फ्यू म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीतच. तुम्ही कुणाला 'देअर आर अ फ्यू मिस्टेक्स इन युवर रिपोर्ट' लिहिलंत तर तो उघडून दुरुस्त करायला बसेल. 'देअर आर फ्यू मिस्टेक्स' लिहिलंत तर तो खूश होऊन लॅपटॉप मिटेल, कारण त्याला वाचायला मिळालं, फारशा चुका नाहीत, छान झालाय. एवढासा अ, पण तो विसरला की तक्रारीची पाठ थोपटणी होते. अ लिटल आणि लिटलचं हुबेहूब तसंच, फक्त न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी, 'अ लिटल टाइम' म्हणजे थोडा वेळ आहे, 'लिटल टाइम' म्हणजे वेळ फार कमी आहे. लिहिताना मराठीत 'च' लावून बघा, लागला तर अ काढा. याला लागूनच हार्ड आणि हार्डली सांगून टाकते. 'आय वर्क्ड हार्ड' म्हणजे खूप मेहनत केली, 'आय हार्डली वर्क्ड' म्हणजे जेमतेमच काम केलं. शब्दाला एलवाय लावला की क्रियाविशेषण होतं हे शाळेत शिकवलेलं असतं, त्यामुळे हुशार मुलंच इथे फसतात.

तुमच्या यादीत ॲफेक्ट-इफेक्ट, ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ, लूस-लूझ असलं पण असणार. या जोड्यांची जात वेगळी आहे, इथे अर्थ फुटत नाही, नुसतं दिसायला सारखं असतं. ॲफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद, परिणाम करणं, आणि इफेक्ट नाम, परिणाम. बाकीच्यांसाठी तोंडाने म्हणून बघा. इंग्लिशमध्ये बऱ्याच ठिकाणी शेवटी स आला तर नाम आणि झ आला तर क्रियापद असं असतं. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणं. यूस म्हणजे उपयोग, यूझ म्हणजे वापरणं, स्पेलिंग एकच तरीसुद्धा. एक्स्क्यूस म्हणजे सबब, एक्स्क्यूझ म्हणजे माफ करणं. लूझ म्हणजे हरवणं, त्यात एकच ओ, आणि लूस म्हणजे सैल, त्यात दोन ओ, हे मात्र क्रियापद आणि विशेषण आहे. आणि हो, ॲडव्हाइसचं अनेकवचन करायचं नाही, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट यांचंही नाही, आपल्याकडे सल्ले असतात म्हणून तिकडे ॲडव्हाइसेस होत नाहीत.

काही जोड्यांत तर अर्थाचा फरकच नसतो आणि आपण उगाच तो शोधत बसतो. बिगिन आणि कमेन्स, विकत घेण्याचे बाय आणि पर्चेस, ॲस्क आणि इन्क्वायर, हेल्प आणि असिस्ट, नीड आणि रिक्वायर. याला कारण इतिहास आहे. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबार आणि कोर्टकचेरीत फ्रेंच चाललं, कोर्टातला युक्तिवाद इंग्लिशमध्ये करावा असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. त्यामुळे घरातला जुना इंग्लिश शब्द आणि दरबारातून आलेला फ्रेंच शब्द, असे दोन्ही भाषेत राहिले. आपल्याकडे विचारणा आणि पृच्छा, सुरुवात आणि प्रारंभ असतात तसंच. अर्थ तोच, वापरायची जागा वेगळी. करारात, नोटिशीत कमेन्स आणि पर्चेस शोभतात, सहकाऱ्याला मेल करताना स्टार्ट आणि बाय लिहा. अवघड शब्द घातला की इंग्लिश चांगलं वाटतं असा आपला एक समज असतो, तो मनातून काढाच, साधा शब्द बरोबर जागी पडला की वाचणारा अडखळत नाही, आणि मेलचं काम तेवढंच असतं.

काही नियमांना तर फार घाबरायचंही कारण नाही. लेस आणि फ्यूअरवरून लोक केवढे चिडतात! मोजता येतं तिथे फ्यूअर, 'फ्यूअर मिस्टेक्स', मोजता येत नाही तिथे लेस, 'लेस टाइम', ऑफिसात हेच पाळा, चांगलं दिसतं. पण या नियमाचा माग काढत गेलं की १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकापाशी जाऊन पोचतो, आणि त्यानेही फ्यूअर जास्त बरं वाटतं एवढंच म्हटलं होतं. त्याच्या आधी कित्येक शतकं इंग्लिश लोक मोजता येणाऱ्या गोष्टींना पण लेस लावत आलेत. आणि आजही वेळ, अंतर, पैसे असं असेल तर आकडा असूनसुद्धा लेसच म्हणतात, 'लेस दॅन टेन मिनिट्स'. त्यामुळे यावरून कुणी चारचौघांत तुम्हाला टोकलं तर एवढं मनाला लावून घेऊ नका. बाय आणि अनटिल चुकलं तर काम अडतं, लेस आणि फ्यूअर चुकलं तर काहीही अडत नाही. कुठल्या चुकीवर किती जीव टाकायचा हे ठरवता आलं पाहिजे.

आता हे करायचं कसं. ती शंभराची यादी बाजूला ठेवून द्या. एक वही करा, आणि पानाच्या वर इंग्लिश शब्द लिहायचा नाही, मराठी लिहायचा. पर्यंत, पासून, पूर्वी, अजून, शंका, करणे. त्याखाली तो शब्द कुठे फुटतो तो प्रश्न मराठीत, आणि मग प्रत्येक फांदीला एक एक वाक्य, तेही पुस्तकातलं नको, तुमच्याच मेलमधलं. सेंट फोल्डर उघडा, मागच्या काही आठवड्यांचे मेल वाचा, तुमची खरी यादी तिथे आहे. मला खात्री आहे की शंभर जोड्या निघणार नाहीत, तेच ते मोजके शब्द परत परत दिसतील, कारण प्रत्येकाचे अडकायचे शब्द ठरलेले असतात.

आणि डिक्शनरी बदला. इंग्लिश-मराठी डिक्शनरी अडलेला अर्थ चटकन सांगते, पण दोन जवळच्या शब्दांतला फरक तिच्यात दिसत नाही, दोन्हीकडे तेच मराठी शब्द येतात. त्यासाठी लर्नर्स डिक्शनरी म्हणून मिळते ती घ्या, मोठ्या प्रकाशनांच्या वेबसाइटवर फुकट असते. ज्यांची भाषा इंग्लिश नाही अशांसाठी ही मुद्दाम केलेली असते. ए. एस. हॉर्न्बी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश तयार केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. त्यांचा भर होता क्रियापदापुढे काय येतं यावर. टेलनंतर माणूस, एक्स्प्लेननंतर वस्तू आणि मग टू, हे सगळं तिथे वाक्यांसकट दिलेलं असतं. अर्थ एकदा वाचा, वाक्यं दोनदा वाचा.

मिटिंगमध्ये बोलणं बंद करू नका हो. बोलताना समोरचा माणूस तिथेच असतो, चुकलं तर विचारतो, तुम्ही सांगता, मिटतं. अडलं तर शब्दाच्या मागे न लागता वाक्य फिरवा. बाय की अनटिल आठवेना? 'द लास्ट डेट इज फ्रायडे' म्हणा. सिन्स की फॉर? 'आय स्टार्टेड इन २०२१' म्हणा. याला पळवाट म्हणू नका, आपण मराठीत पण एखादा शब्द आठवला नाही की असंच करतो. आणि त्या क्लायंटच्या मेलबद्दल अजून मनात असेल तर, पुढच्या वेळी असं कुणी विचारलं की माफीचा लांबलचक मेल नका लिहू, 'आय मीन बाय फ्रायडे' एवढी एक ओळ पुरे. सीसीतले बाकीचे लोक तुम्हाला वाटतंय तेवढं वाचत नाहीत.

पत्राच्या खाली तुम्ही घाईत एक ओळ लिहिलीये, मेलच्या शेवटी 'वाट बघतेय' कसं लिहायचं. हा पण फुटणाराच शब्द आहे. 'आय ॲम वेटिंग फॉर युवर रिप्लाय' यात काम तुमच्यामुळे अडलंय असा सूर येतो. 'आय ॲम एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय' म्हणजे उत्तर यायलाच हवं, ते साहेबाने लिहावं. तुम्हाला जी वाट बघायची आहे, आनंदाने, घाई न करता, ती लुक फॉरवर्ड टू. फक्त त्यातला टू फसवा आहे, त्याच्यापुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतो, 'लुक फॉरवर्ड टू हिअर' नाही. 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असं लिहा, आणि खाली तुमचं नाव.